पिवळ्या चटईवरील पाच जणांच्या जागेबाबत

दिनांक २० जुलै, शनिवार. वेळ सायंकाळी ५.४०.
सोराहामा पोलीस ठाणे, तळमजला, खोली क्रमांक दोन.

नाव: ओगिसो तामोत्सु. वय: ६७ वर्षे. व्यवसाय: निवृत्त (पूर्वी नगरपालिका पाणीपुरवठा विभाग, गळती शोध पथक). राहणार: कामिनुमा, सैतामा प्रांत.

ठाण्यात स्वतः हजर असून, विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. दिनांक ३ जूनपर्यंत आम्ही दोघे राहत होतो. आज पहाटे ५.१० वाजता घराला कुलूप लावले. ९.०७ वाजता सोराहामा पार्कमध्ये प्रवेश केला. दुपारी १.३० ते २.४५ मिरवणुकीच्या मार्गालगत पिवळ्या चटईवर बसलो. २.४५ वाजता शौचालयात गेलो. ३.२० वाजता परत आलो तेव्हा चटई व तिच्यावरची कापडी पिशवी जागेवर नव्हती. ४.३५ वाजता पार्कच्या माणसांनी मला येथे आणून सोडले. घडले ते एवढेच. परंतु हवालदार मोरिशिमा बाईंनी "ओगिसोसान, एवढ्यावर मला वर काहीच सांगता येणार नाही," असे म्हटल्यामुळे पुढील तपशील देतो.

माझी मुलगी नेगिशि चिगुसा, वय ३८, एका मालवाहतूक कंपनीत ट्रक सुटण्याच्या वेळा ठरवते. जावई शुहेइ, वय ४०. नात कोतोहा, वय ८. ही सहल नातीसाठी आहे असे आम्ही सर्वजण म्हणत होतो. नातीला विचारले असता तिला पोहायला जायचे होते. त्यावर पुढे चर्चा झाली नाही.

पार्क एका दिवसात पाहायचे ठरले होते. ते एका दिवसात पाहून होत नाही हे सर्वांना माहीत आहे, म्हणूनच त्याचे नियोजन करावे लागते, असे चिगुसाचे म्हणणे. तिने मे महिन्यात अकरा पानांची कार्यक्रम-पत्रिका तयार केली. पाने रंगीत असून भिजू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली व गळ्यात अडकवायला दोरी लावलेली आहेत. माझी प्रत जबाबासोबत जोडली आहे. तीत प्रत्येक कामासमोर वेळ व माणसाचे नाव आहे. कोणी कोणत्या दारातून धावायचे, कोणी फोनवर जलद रांगेचे आरक्षण करायचे, नातीला टोपी कोणी घालायची, हे सर्व आहे. पान चारवर "आनंद घेणे" असे लिहून समोर कंसात "सर्वजण" म्हटले आहे. वेळ ११.१५ ते ११.२५.

मे महिन्यात आमच्या घरी या पत्रिकेची तीन वेळा उजळणी झाली. पत्नी फुसाए, वय ६४, हिने दुसऱ्या उजळणीच्या वेळी विचारले, "आणि बसायचं कधी गं?"

"बारा चाळीस ते बारा पंचावन्न," चिगुसा म्हणाली.

"पंधराच मिनिटं?"

"आई, तिथे बसायला कुणी जात नाही."

"बरं. मग हे मिरवणुकीची जागा राखणार ते काय उभ्यानं?"

चिगुसाने ते लिहून घेतले व पुढच्या प्रतीत "जागा राखणे" यासमोर "(बसून)" असे आले. जागा राखण्याचे काम आम्हा दोघांकडे होते. दीड ते अडीच पत्नी, अडीच ते साडेतीन मी. त्या वेळी पत्नीने आणखी एक नोंद करायला लावली. ती म्हणाली, "ह्यांना तासाभराच्या वर धरवत नाही. सव्वादोनला ह्यांना जाऊन यायला सांगायचं, तेवढं माझ्या नावावर लिही. नाहीतर तुझे सगळे ट्रक तुंबतील." जावई हसला. मीही हसलो असेन.

या ठिकाणी हवालदार बाईंनी ३ जूनबद्दल विचारले. ३ जून रोजी सकाळी पत्नी मागील दारी कपडे वाळत घालताना पडली. मी पुढच्या खोलीत होतो. मधे एक भिंत आहे. तेहतीस वर्षे मी रस्त्यावर लोखंडी काठीला कान लावून जमिनीखालच्या नळातली गळती शोधली आहे. त्या दिवशी मला काही ऐकू आले नाही. वीस मिनिटांनी चहाचे विचारायला गेलो.

अंत्यसंस्कार ६ जून रोजी झाले. उद्या, रविवारी, एकोणपन्नासावा दिवस आहे. सकाळी दहा वाजता देवळात अस्थी थडग्यात ठेवायच्या आहेत.

एकोणपन्नास दिवस पूर्ण होण्याआधी सहलीला जाऊ नये, असे माझ्या थोरल्या बहिणीचे मत पडले. चिगुसाने सांगितले की तिकिटे याच तारखेची आहेत, ऑक्टोबरपर्यंत दुसरी तारीख नाही, आणि शुहेइची रजा मंजूर आहे. शेवटी ती म्हणाली, "आईला आवडलं असतं." गेल्या सात आठवड्यांत हे वाक्य मी अनेक गोष्टींबाबत ऐकले आहे. शवपेटीच्या अस्तराचा रंग, पाहुण्यांना परतभेट म्हणून दिलेला चहा, तिची शिवणाची यंत्रे शेजाऱ्यांना देऊन टाकणे. ती असताना तिच्या आवडीनिवडी इतक्या लोकांना पाठ होत्या हे मला माहीत नव्हते. मी हरकत घेतली नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पत्रिकेची सुधारित प्रत टपालाने आली. तीत "आई" असलेल्या सर्व ओळी काढल्या होत्या. संगणकात ओळ काढली की खालची ओळ वर सरकते, असे चिगुसाने नंतर सांगितले. त्यामुळे जागा राखण्याच्या कामासमोर १.३० ते ३.३० असे होऊन फक्त "बाबा" एवढे राहिले. सव्वादोनची माझ्या शौचालयाची नोंद आईच्या ओळीत होती. तीही गेली. ही चूक कोणाची असे मी म्हणत नाही. मी पत्रिका वाचली होती व मला ते दिसले होते.

पिशवीबाबत. ही पिशवी पत्नीने या सहलीसाठी माझ्या जुन्या सुती किमोनोच्या कापडातून शिवली होती. आज पहाटे मी तिच्यात तिची टोपी व पंखा ठेवला. नंतर घरातील देव्हाऱ्यासमोरचे लहान भांडे ठेवले. अस्थी वेचताना गळ्याचे जे हाड सर्वांत शेवटी उचलून वेगळे ठेवतात, ते त्या भांड्यात आहे. भांडे पांढरे, माझ्या मुठीएवढे, झाकणावर नावाची चिठ्ठी. मोठे भांडे घरीच आहे. लहान भांडे बरोबर का घेतले असे विचारण्यात आले. तिकिटे पाच होती. मुलीला सांगितले होते का, असेही विचारण्यात आले. नाही.

पार्कमध्ये बाहेरचे खाणे नेता येत नाही, म्हणून दारासमोरच्या बाकांवर ८.१५ ते ८.३० न्याहारी होती. भाताचे गोळे करून आणणे हे काम आईच्या ओळीतून माझ्या ओळीत आले होते. मी पाच केले. चिगुसाने चौघांना वाटले आणि पाचव्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, पान तीन बघा. चार लिहिलंय." मी तो पिशवीत ठेवला. त्यात खारवलेले आंबट आलुबुखार होते. ते आमच्या घरी एकट्या पत्नीलाच आवडते.

दारावर माझी व पत्नीची तिकिटे एकाच कागदावर खाली-वर छापलेली होती. मी कागद यंत्रासमोर धरला. यंत्र दोनदा वाजले. तिथली मुलगी वाकून म्हणाली, "दोन मोठी माणसं. दिवस छान जावो." मी दुरुस्ती केली नाही. त्यामुळे पार्कच्या संगणकात ओगिसो फुसाए ९.०७ वाजता आत आल्याची नोंद आहे. ती नोंद माझ्यामुळे झाली. मुलीचा संबंध नाही.

९.०७ ते १.३० या काळात पत्रिकेप्रमाणे सर्व झाले. तीन पाळण्यांपैकी एका पाळण्यात बसलो. दोन बंद होते, त्यांच्यासाठी पान दहावर पर्याय होते, व पर्यायांसमोरही रांगा होत्या. "आनंद घेणे" चौदा मिनिटे उशिराने सुरू झाले म्हणून सहा मिनिटांत उरकावे लागले.

मिरवणूक ३.३० ची होती. पार्कचा नियम असा की दोन तास आधी चटई घालता येते, मात्र चटईवर सतत निदान एक माणूस बसलेला हवा. माणूस नसलेली चटई उचलण्यात येते. मी १.३० वाजता पाच जणांची पिवळी चटई घातली. आमच्या खात्यात चेरी फुलली की बागेत सकाळीच चटई घालून वर खात्याच्या नावाची चिठ्ठी ठेवायचो आणि कामावर जायचो. संध्याकाळपर्यंत तिला कोणी हात लावत नसे. इथला नियम वेगळा आहे हे मला माहीत होते. पत्रिकेत तो लाल अक्षरात आहे.

मी चटईच्या कडेला बसलो. पिशवी मधोमध ठेवली व ऊन असल्याने तिच्यावर टोपी ठेवली. सव्वादोन वाजले. कोणी काही म्हटले नाही. २.४५ वाजता मला थांबणे शक्य झाले नाही. चिगुसाला फोन केला, तो लागला नाही. त्या वेळी ते तिघे पाण्यातल्या होडीत होते. शेजारच्या चटईवर एक बाई होत्या. त्यांना मी म्हणालो, "मी जरा जाऊन येतो. माझी बायको इथंच आहे." त्यांनी चटईकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि "हो हो, सावकाश या," म्हणाल्या. आपल्याकडे अशा वेळी कोणी जास्त विचारत नाही.

शौचालयाला वीस मिनिटांची रांग होती. परत येताना मिरवणुकीचे दोर बांधले गेले होते, म्हणून मोठा वळसा पडला. परत आलो तेव्हा आमच्या जागेवर एक अनोळखी कुटुंब निळ्या चटईवर बसले होते. शेजारच्या बाई उठून उभ्या राहिल्या व दोनदा वाकल्या. त्या म्हणाल्या, "कर्मचारी आले होते. मी सांगितलं हो त्यांना, बाई आहेत म्हणून. त्यांनी विचारलं, कुठे आहेत? मला काही दाखवता आलं नाही."

मी चौकशी कक्षात गेलो. तेथे अर्ज भरायचा असतो. "काय हरवले" या रकान्यात मी "पत्नी" असे लिहिले. हे मी खोडसाळपणे केले का, असे आपण विचारता. नाही. दुसरे काय लिहावे ते सुचले नाही. खिडकीतल्या मुलाने अर्ज वाचला व मला शेजारच्या खिडकीकडे पाठवले. ती हरवलेल्या माणसांची होती. तेथे नाव, वय, कपडे विचारले. नाव व वय सांगितले. कपड्यांबद्दल टोपी एवढेच सांगता आले. त्यांनी संगणकात पाहिले व म्हणाले, "नोंद आहे, आजोबा. सकाळी नऊ सातला आत आल्यात, अजून बाहेर पडलेल्या नाहीत. काळजी करू नका, सापडतील."

मग त्यांनी कर्ण्यावरून पुकारा केला. "सैतामाहून आलेल्या ओगिसो फुसाएसान, आपले यजमान चौकशी कक्षात आपली वाट पाहत आहेत." दोनदा केला. तो सर्व पार्कमध्ये ऐकू जातो.

मी त्यांना थांबवले नाही. हे मी कबूल करतो. देवळातून तिला मरणोत्तर नऊ अक्षरी नाव मिळाले आहे व घरी आता सर्वजण तेच वाचतात. फुसाए हे नाव मोठ्याने घेतलेले मी सात आठवडे ऐकले नव्हते. दुसऱ्या पुकाऱ्याच्या वेळी मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

दरम्यान सापडलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे पिशवी उघडली गेली. त्यांनी भांड्याचे झाकण काढले. त्यानंतर झाकणावरची चिठ्ठी, पुकाऱ्यातले नाव व नऊ सातची नोंद अशी तिन्ही एकमेकांना जुळली आणि आपल्या ठाण्यात फोन आला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही फोन केला असता. सकाळी आत आलेली बाई दुपारी भांड्यात सापडली, असे त्यांना दिसत होते. पार्कचे साहेब फार नम्र होते. मोटारीत बसवताना त्यांनी माझ्या डोक्याला दाराची चौकट लागू नये म्हणून हात धरला. त्यांनी मला विचारले, "आपल्या पत्नी आत्ता कुठे आहेत?" मी सांगितले, "पिशवीत."

मृत्यूचा व दहनाचा दाखला मोठ्या भांड्याच्या पेटीत, घरी आहे. त्याशिवाय लहान भांडे परत देता येणार नाही व सोमवारपर्यंत येथे ठेवावे लागेल, असे प्रथम सांगण्यात आले. मी सांगितले की उद्या दहा वाजता ते थडग्यात ठेवायचे आहे, व गळ्याचे हाड सोडून बाकी सर्व पुरता येणार नाही. उद्याच्या विधीसाठी देवळाच्या पुजाऱ्यांनी दाखल्याची नक्कल आधीच मागवून घेतली होती हे मला आठवले. हवालदार बाईंनी त्यांना फोन केला. त्यांनी दाखल्याचा क्रमांक वाचून दाखवला व फॅक्स पाठवला. पुजारी फोनवर मला म्हणाले, "ओगिसोसान, पुढच्या वेळी निदान मला तरी सांगून न्या." पुढच्या वेळी म्हणजे केव्हा, हे मी विचारले नाही.

५.०५ वाजता चिगुसाचा फोन आला. हवालदार बाई समोर होत्या व त्यांनी हे संभाषण ऐकले आहे, म्हणून तेही सांगतो. ती म्हणाली, "बाबा, आईचं नाव पुकारलं. मी रांगेत होते. सगळ्यांनी ऐकलं. कोतोहा म्हणाली, आजी आली का." मी सर्व सांगितले. ती रागावली. आईचे हाड पिशवीत घालून कोणी फिरते का, असे म्हणाली, आणि मला आधी सांगितले असतेत तर मी नाही म्हटले असते, असेही म्हणाली. मी म्हटले, म्हणूनच सांगितले नाही.

मग तिने विचारले, "कुठे ठेवलं होतंत तिला?"

"मधोमध."

"ऊन होतं तिथे."

"टोपी घातली होती."

"बरं केलंत," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, इथे अजून चाळीस मिनिटं आहेत. आता रांग सोडली तर पुन्हा मागे जावं लागेल. ही झाली की आम्ही येतो." मी तिला आतषबाजी होईपर्यंत थांबायला सांगितले. पत्रिकेच्या अकराव्या पानावर आतषबाजी आहे, ७.३० वाजता, आणि तिच्यासमोर पाचही नावे आहेत. त्या पानावरची ओळ काढायची तिच्याकडून राहिली, की राहू दिली, हे मी तिला विचारलेले नाही.

पार्कने एक कागद माझ्यापुढे सहीसाठी ठेवला आहे. "सदर चटई कोणतीही व्यक्ती उपस्थित नसताना सोडून जाण्यात आली" असे त्यात आहे. सही केली की प्रकरण मिटेल, असे साहेबांचे म्हणणे. त्या कागदावर मी सही करणार नाही. तिकिटाची नोंद चुकीची झाली ती माझी चूक. अर्जात लिहिले तीही माझी चूक. पुकारा थांबवला नाही हा माझा दोष. परंतु चटई रिकामी नव्हती. अडीचपर्यंत जागा राखायचे काम पत्नीचे होते. ते माझ्या हातून थोडे लांबले, इतकेच. माझी काही तक्रार असेल तर ती एवढीच आहे व ती नोंदवून घ्यावी.

हवालदार बाईंनी वरिष्ठांना विचारले. त्यांनी पार्कच्या कागदावर सहीची गरज नसल्याचे सांगितले व या जबाबात पुढील वाक्य घातले: चटईवर एक व्यक्ती होती असे सांगणाऱ्याचे म्हणणे आहे.

हा मजकूर हवालदार मोरिशिमा बाईंनी मला पहिल्यापासून सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तेच लिहिले आहे. एके ठिकाणी "मयताच्या अस्थी" असे लिहिले गेले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून "पत्नी" असे केले आहे. अधिक काही सांगायचे नाही. सहीसोबत लावायचा नावाचा शिक्का घरी राहिल्यामुळे डाव्या तर्जनीचा ठसा देत आहे.

ओगिसो तामोत्सु
(ठसा)

परत मिळालेल्या वस्तूंची पोच. वेळ ६.५०.
लहान पांढरे भांडे झाकणासह, टोपी, पंखा, कापडी पिशवी, पिवळी चटई (उचलून मार्गालगत ठेवली असताना मिरवणुकीतल्या पाण्याच्या फवाऱ्याने भिजलेली). भाताचा गोळा पार्कच्या नियमानुसार त्याच दिवशी नष्ट केल्याने मिळाला नाही.

घेणाऱ्याचा शेरा, स्वतःच्या हस्ताक्षरात:

वस्तू बरोबर आहेत. चटई ओली असल्याने पिशवीत ठेवता येत नव्हती, म्हणून ठाण्याच्या पायऱ्यांवर उघडून पुसली. पाच जणांची चटई एकट्याने घडी होत नाही, दुसरी बाजू धरायला कोणी लागते. हवालदार बाई मदतीला येत होत्या, त्यांना नको म्हटले. मधली कड हनुवटीखाली दाबून धरली आणि दोन्ही हातांनी टोके जुळवली. तिसऱ्या खेपेला जुळली.